साहेब, गाडीला एकदा रोही दाखवा

इंदूर

आदरणीय नितीन गडकरी साहेब,
सप्रेम नमस्कार वि. वि.

मराठीतून लिहितोय, कारण दिल्लीत रस्ते-वाहतुकीच्या खात्यात मराठी पत्र उघडून वाचणारा मंत्री रोज रोज मिळत नाही. मी इंदूरच्या सुदामा नगरात राहतो. घराणं तीन पिढ्या माळव्यात, पण सोयरीक सगळी खानदेशात. त्यामुळे राऊ, मानपूर, खलघाट, सेंधवा, बिजासन घाट, धुळे हा रस्ता आमच्या गाडीला पाठ आहे.

गेल्या फेब्रुवारीत भाचीच्या लग्नाला निघालो. पहाटे साडेपाचची वेळ, नर्मदेचा पूल मागे टाकून जुलवानियाच्या अलीकडे पोचलेलो. काटा ८५ वर. दुभाजकातल्या कण्हेरीतून एकदम रोजडा बाहेर आला. नीलगायीला आम्ही माळव्यात रोजडा म्हणतो, तुमच्या विदर्भात रोही. अडीचशे किलोपर्यंत भरणारा नर, तोही उंच पायांवर. म्हणजे धडकला तर सरळ काचेतून आत. मी डावीकडे काढली. गाडी गेली. घोटाळा झाला तो परत वळवताना. मागचा भाग असा काही बाहेर फेकला गेला की रुखवताचे डबे एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर आपटले आणि क्षणभर मला समोर रस्ता नव्हे, शेजारचं हरभऱ्याचं शेत दिसत होतं. कडेच्या मुरमावर आडवी होऊन थांबलो. उलटली नाही, एवढंच.

पुढच्या गावात टायरवाल्यानं हवा तपासली. मागे एकीकडे २२, दुसरीकडे २३. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी ३६ लिहिलेलं. मागचे दोन्ही टायर गोटा होत आलेले, पुढचे दोन कोरे करकरीत. दोनच महिन्यांपूर्वी इंदुरात नवी जोडी घेतली, तेव्हा दुकानदार म्हणाला होता, ‘भिया, नए आगे डालो, पुराने पीछे, सब यही करते हैं.’ मीही मान डोलावली. सगळे हेच करतात हे खरं, आणि हेच चुकतं. पुढचे टायर रस्ता धरतात, मागचे सोडून देतात, म्हणजे गाडी गरकन फिरणारच. जोडीच घ्यायची तर नवी मागे, असं टायर बनवणारेच सांगतात. दुकानात ते कुणी सांगत नाही. आणि हवा न बघता छतापर्यंत सामान कोंबून निघालो, हा गाढवपणा सर्वस्वी माझा.

पण साहेब, खटकतंय ते वेगळंच. गाडी घेताना मी तारे बघितले होते. भारत एनकॅप (धडक-चाचणी घेऊन गाड्यांना तारे देणारी सरकारी योजना) आपण ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केलं, त्याबद्दल मनापासून आभार; आता शोरूममध्ये लोक मायलेजच्या आधी तारे विचारतात. मात्र ते तारे सांगतात धडक बसल्यावर माणसाचं काय होईल ते. धडक चुकवताना गाडी काय करेल, हे खरेदीदाराला कुठल्या कागदावर दिसतं? तीन आणि पुढच्या ताऱ्यांसाठी ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल ही यंत्रणा लागते, चांगलंच आहे. ती असली की चाकांना वेगवेगळा ब्रेक लावून गाडीला सरळ धरते. पण ती असणं वेगळं आणि उंच, भरलेल्या गाडीला तिनं प्रत्यक्षात किती सावरलं हे आकड्यात कळणं वेगळं.

स्वीडनमध्ये रस्त्यावर मूस येतो, सांबराचा आडदांड चुलतभाऊ म्हणा. त्याला चुकवावं तशी गाडी अचानक वळवून बघायच्या चाचणीला त्याच्यावरूनच ‘मूस टेस्ट’ नाव पडलं. शंकू मांडून एकसष्ट मीटरची वाट करतात. पहिल्या १२ मीटरच्या गल्लीत शिरलं की ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, ब्रेक लावायचा नाही, साडेतेरा मीटरच्या मोकळ्या जागेत शेजारच्या गल्लीत उडी घ्यायची आणि लगेच मूळ गल्लीत परत. दरवेळी वेग थोडा वाढवत न्यायचा. १९९७ साली मर्सिडीजची कोरी ए-क्लास यात उताणी झाली. पूर्व जर्मनीची जुनाट ट्राबांट मात्र त्यातून उभ्यानं पार झाली, म्हणून लोक जास्तच हसले. कंपनीनं गाड्या देणं थांबवलं, सस्पेन्शन आणि टायर बदलले आणि सगळ्या ए-क्लासमध्ये ईएसपी बसवली, म्हणजे आपल्याकडची ईएससीच. एका स्वीडिश मासिकाच्या चाचणीनं हे घडवलं. २०१२ मध्ये त्याच मासिकानं जीप ग्रँड चेरोकी घेतली, तर ती दोन चाकांवर आली आणि नंतरच्या फेऱ्यांत पुढच्या टायरची हवा पुन्हा पुन्हा गेली.

एसयूव्हीचं दुखणं उंचीचं. गुरुत्वमध्य वर, चाकांमधलं अंतर तेवढंच. वळताना सगळं वजन बाहेरच्या पुढच्या टायरवर येऊन पडतं. हवा कमी असेल तर टायरची बाजू मुडपते, रिम डांबराला टेकतं आणि तिथून गाडी पलटायला फार वेळ लागत नाही. गंमत अशी की टायरची पकड फार वाढली तरी उंच गाडीला धोका असतोच. घसरायच्या ऐवजी ती उलटू शकते. म्हणून गाडी, टायर आणि ईएससी एकत्रच तपासायला हवेत. नाहीतर इथे मुलं एसयूव्ही घेतली की आठवड्यात रुंद, दातेरी टायर चढवतात, आणि चाचणी झालेली गाडी न् रस्त्यावरची गाडी यांचा संबंध राहत नाही.

म्हणून विनंती. भारत एनकॅपमध्ये अचानक वळवण्याची चाचणी घ्या, तीही गाडी पूर्ण भरून. किती वेगापर्यंत गाडी शंकू न पाडता निघाली, हा आकडा ताऱ्यांशेजारी छापा. खाली टायरची कंपनी, माप आणि हवा छापा. टायरच्या ओल्या रस्त्यावरच्या पकडीचे नियम आपल्याच खात्यानं २०२२ मध्ये काढले, पण काउंटरवर त्याबद्दल कुणी अवाक्षर बोलत नाही. आणि १.६ मिलिमीटरच्या खाली झिजलेला टायर बेकायदा आहे, हे फिटनेस तपासणीत खरोखर मोजलं जावं.

जागेची अडचण नाही. पीथमपूरचं नॅट्रॅक्स हे गाड्यांच्या चाचणीचं केंद्र आमच्या घरापासून तासाभराच्या आत आहे, तिथली ११.३ किलोमीटरची वेगाची धावपट्टी २०२१ मध्ये सुरू झाली. ते अवजड उद्योग खात्याचं आहे हे ठाऊक आहे. पण शेजारच्या खात्याला एक पत्र लिहायला आपल्याला किती वेळ लागणार?

चाचणीला गाडी कमी पडली तर माझी न्या म्हणणार होतो, पण मागच्या सीटवर अजून हळदीचे डाग आहेत. बायको म्हणते, आधी ते काढा.

आपला,
सुदामा नगरचा एक वाहनचालक
(मागचे टायर आता नवे आहेत.)