पंखा आणि फिन्समधलं बोटभर अंतर

प्रिय गज्या,

दिवाळीपासून पत्र नाही, तेव्हा मनातल्या मनात शिव्या देऊन झाल्याच असतील. तब्येत बरी, आईचे गुडघे तसेच. आता कामाचं.

बंडूचा पीसी पाण्याने थंड होतो, त्याच्या रेडिएटरवरचे पंखे काढले. जिनिंगची रुई फिन्सवर (रेडिएटरच्या पातळ पत्र्यांवर) बसलेली, पण कशी? प्रत्येक पंख्यामागे गोल कडं, आणि बरोबर मध्ये, मोटरीच्या मागे, चारेक सेंटिमीटरचा कोरा गोल. तिथल्या फिन्स नव्यासारख्या चकचकीत. म्हणजे तेवढ्या भागातून हवा जवळजवळ जातच नव्हती! बंडू म्हणतो, "थे तं साफ आहे नं बे, मंग काहून रडून राह्यला?" आता त्याला काय सांगू? म्हणून तुला लिहितोय.

पात्यांमधून हवा कड्यासारखी निघते, मधल्या मोटरीमागे तिची सावली पडते. पंखा फिन्सला चिकटून असला की पसरायला जागा नसते, आणि एकदा फिन्समध्ये शिरली की ती आडवी वळतच नाही. पंखा आणि रेडिएटरच्या मध्ये २५ मिमीची मोकळी चौकट आली की सावली पुष्कळ भरून निघते. ४० च्या पुढे नेऊन हाती काही लागत नाही, जागा मात्र जाते. जाडी आधी मोज: ३० चा रेडिएटर, २५ ची चौकट, २५ चा पंखा, झाले ८०. वरच्या बाजूला लावला तर रॅमला टेकतो का बघ.

चौकटीला पैसे घालू नको. जळालेला १२० चा पंखा घे, मोटर धरणाऱ्या काड्या कटरने काप, उरलेली टोकं कानशीने घास. भोकं आपोआप जुळतात, १०५ मिमीवर. पण स्क्रू! पंखा आणि चौकट मिळून ५० मिमी, वर धाग्यात ४-५, म्हणजे ५५ चा लागतो. आणि तो जरा जास्त आत गेला की थेट पाण्याच्या नळीत. खाली संरक्षक पट्टी सगळ्यांनाच नसते. त्यापेक्षा चौकटीच्या खालच्या कडेतून ८ मिमीचा आखूड स्क्रू रेडिएटरला लाव (बाजूने आत सरकवायचा, वरच्या भोकातून बारीक पेचकसाने फिरवायचा) आणि वरच्या कडेला पंखा त्याच्या नेहमीच्या जाड स्क्रूने. हे फक्त मधून उघड्या कोपऱ्यांच्या पंख्यात जमतं. भरीव कोपऱ्याचा घेऊ नको. सांध्यात फोमची पट्टी हवीच. फट राहिली तर हवा फिन्सचा विरोध सोडून तिथूनच पळते, आणि मग चौकट लावून उलट नुकसान.

पुश की पुल, म्हणजे पंख्याने हवा रेडिएटरमध्ये ढकलायची की मागून ओढायची, यावरून कॅन्टीनमध्ये तू बशी आपटली होतीस, आठवतं? ट्रॅक्टरचा पंखा रेडिएटरमागे बसून हवा ओढतो, भोवती खोळ असते ती सगळ्या जाळीतून ओढ लागावी म्हणून. माझं मत आजही पुल. रुई बाहेरच्या तोंडावर बसते, पंखे न काढता ब्रशने निघते. फक्त पुलमध्ये पाती फिन्सजवळ आली की घरघर वाढते, म्हणून तिथे चौकट आवाजासाठीच जास्त कामाची. तापमानात एखाद-दोन अंशांपलीकडे आशा ठेवू नको.

आणि खरी काळजी तीच. मे महिन्यात खोली ४५ ला गेली आणि पाणी तिच्यापेक्षा १२ अंश वर राहिलं तर झाले ५७. पंपाची मर्यादा साधारण ६०. पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्याही तिथेच मऊ पडतात. पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होणारच नाही, चौकट लाव नाहीतर नारळ फोड. म्हणून बंडूला सांगितलंय: लग्नांच्या व्हिडिओचं रेंडर रात्री, आणि दुपारी चालवायचंच तर कूलर सुरू. कूलरची हवा खोलीत येऊ दे, तुषार मशीनवर नको. तुझ्या खोलीवर पत्रे आहेत, म्हणून तुलाही तेच.

पुण्यातली नोकरी कशी? वहिनींची बदली झाली का? पिंटू चालायला लागला म्हणे, फोटो पाठव.

तुझ्या रेडिएटरचा धागा एम३ आहे की एम४ (३ मिमीचा की ४ मिमीचा), ते एक स्क्रू काढून बघ आणि कळव. दोन जळके पंखे बाजूला ठेवलेत, घासून पाठवतो.

तुझा,
दिन्या