खान्देशच्या नावाचा भुंगेरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिकांची मुळं खाणाऱ्या हुमणीच्या भुंगेऱ्यांचा बंदोबस्त कसा करावा, यावर गेल्या आठवड्यात आपल्या अंकात लेख आला. लेख उपयोगी होता. पहिला पाऊस पडला की कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे झाडं हलवून खाली पाडायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, हे आमच्या भागात पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण भुंगेरा दिसला की मारायचा, एवढीच एक गोष्ट लोकांच्या डोक्यात बसत चालली आहे. म्हणून ज्या भुंगेऱ्याला आपल्या मुलखाचं नाव मिळालं आहे, त्याच्याविषयी चार ओळी लिहितो.

२०२१ साली 'झूटॅक्सा' या शास्त्रीय नियतकालिकात आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सापडलेल्या एका नव्या भुंगेऱ्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुणे केंद्रातल्या डॉ. अपर्णा कलावते आणि दक्षिण आफ्रिकेचे वर्नर स्ट्रम्फर यांनी ते लिहिलं. भुंगेऱ्याचं नाव त्यांनी ठेवलं 'ओमॉर्गस खान्देश'. या शोधामुळे त्याच्या कुळातल्या, आज भारतात हयात असलेल्या जातींची संख्या १४ झाली. १९०६ साली खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, पुढे त्यांचेच जळगाव आणि धुळे झाले, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून आमचा नंदुरबार निघाला. सरकारदरबारी खान्देश नावाचा जिल्हा केव्हाच उरला नाही. आता जगात कुठेही या भुंगेऱ्याचा अभ्यास होईल तेव्हा ते नाव घ्यावं लागेल. याचा मला मनापासून आनंद आहे. पण बातमी आली आणि गेली. आमच्या गावात आजही विचारलं तर दहात एकालाही ती माहीत नसेल.

हा भुंगेरा जगतो मेलेल्या जनावराच्या शेवटच्या उरल्यासुरल्यावर. जनावर मेलं की पहिल्या येतात त्या निळ्या-हिरव्या माश्या. मग अळ्या, मग इतर किडे, कुत्री, कावळे. सगळ्यांचं खाऊन झालं, वास गेला, नुसतं वाळलेलं कातडं, केस, खूर, शिंगं राहिली, की हा येतो. केस आणि खुरांतलं केरॅटिन नावाचं चिवट प्रथिन पचवणं फार थोड्या जिवांना जमतं. याच्या जातभाईंच्या अळ्या त्या कातड्याखालीच जमिनीत बिळं करून राहतात.

मी पशुसंवर्धन खात्यात ३१ वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो. मेलेली ढोरं पाहणं हा माझ्या नोकरीचाच भाग होता. एक प्रसंग मात्र डोक्यातून जात नाही. एका शेतकऱ्याचा विमा उतरवलेला बैल हरवला होता. तो बऱ्याच दिवसांनी नाल्यात सापडला तेव्हा कातडं आणि हाडं राहिली होती, कानातला बिल्ला शाबूत होता. विम्याची मुदत ३१ मार्चला संपलेली. बैल त्याआधी मेला की नंतर, एवढाच प्रश्न. डॉक्टरसाहेबांबरोबर मी होतो. कातडं उचललं तर खाली मातीची ढेकळं वाटावीत असे पाच-सहा किडे आणि जमिनीत भोकं. मी ते बुटाने बाजूला सारले. अहवालात मृत्यूची वेळ 'अंदाजे' अशीच गेली आणि दावा नामंजूर झाला. त्या माणसाने पुन्हा बैल घेतला नाही, मजुरीला गुजरातेत गेला. कुठल्या टप्प्यावर कुठला किडा येतो आणि त्याची अळी केवढी झालेली असते, यावरून मृत्यूला किती काळ लोटला याचा माग काढता येतो, हे मला निवृत्त झाल्यावर, या भुंगेऱ्याची बातमी वाचताना कळलं. न्यायवैद्यक शास्त्रात याच कामासाठी हे कुळ महत्त्वाचं मानतात. नेमकी तारीख त्यातून निघाली नसती. पण सांगण्यासारखं काहीतरी निघालं असतं, आणि ते मी पायाने उडवून लावलं.

दुसरी गोष्ट गिधाडांची. मी नोकरीला लागलो तेव्हा गावाबाहेर ढोर टाकलं की तासाभरात आभाळ भरायचं. पुढे ती दिसेनाशी झाली. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध दिलेलं जनावर मेल्यावर गिधाडांनी खाल्लं तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. ते इंजेक्शन मी स्वतः शेकडो गाई-बैलांना टोचलं आहे. कोणी सांगितलं नव्हतं, हे खरं आहे. तरी ते हात माझेच होते. म्हणून ढोरं टाकायच्या जागेवर जगणारा कोणताही जीव मला आता किरकोळ वाटत नाही.

माझं मागणं मोठं नाही. आपल्या पत्राच्या जिल्हा पानावर या भुंगेऱ्याचं स्वच्छ छायाचित्र एकदा मोठं करून छापा, खाली त्याचं नाव मराठीत द्या. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी आपापल्या भागात त्याचा शोध घ्यावा. बेवारस मृतदेहाच्या पंचनाम्यात अंगाखालच्या किड्यांची आणि अळ्यांची नोंद व्हावी, त्यातल्या थोड्या अल्कोहोलच्या बाटलीत ठेवल्या जाव्यात, आणि हे पोलीस पाटलापासून शवविच्छेदनाच्या खोलीतल्या कर्मचाऱ्यापर्यंत सगळ्यांना शिकवलं जावं. गावोगावच्या ढोरं टाकायच्या जागी पालापाचोळ्यासोबत वाळकं कातडं-शिंगं पेटवून देतात किंवा वर कीटकनाशक पावडर मारतात, ते ग्रामपंचायतींनी थांबवावं. सडक्या मढ्याची विल्हेवाट लावायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण वाळलेल्या कातड्याने कोणाला रोग होत नाही असं समजून ते सरसकट हाताळावं, असंही मी म्हणत नाही. अचानक तडकाफडकी मेलेल्या जनावराला कोणी हात लावू नये, आधी दवाखान्यात कळवावं.

परवा पाऊस उघडल्यावर नातवाला घेऊन नाल्याकाठी गेलो होतो. तिथे मागच्या उन्हाळ्यातलं एका बकरीचं कातडं पडलं आहे, वाळून पत्र्यासारखं झालेलं. काठीने कडा उचलली. नातू म्हणाला, "बाबा, हाऊ ते माटीना गोया शे." (हा तर मातीचा गोळा आहे.) मीही आधी तेच समजलो असतो. हातमोजा घालून तळव्यावर घेतला. पाठीवर पुटकुळ्यांच्या ओळी, त्यांच्या फटींत माती घट्ट बसलेली, पाय आणि मिशा पोटाखाली अशा दुमडलेल्या की कुठे जोड दिसेना. कानाजवळ नेला तर अगदी बारीक कुरकुर ऐकू आली. पोट पंखांच्या कठीण झाकणावर घासून ते हा आवाज काढतात. तो 'खान्देश'च होता असं मी म्हणणार नाही. या कुळातल्या जाती एकमेकींसारख्या दिसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासल्याशिवाय खात्री देता येत नाही. आम्ही त्याला परत कातड्याखाली ठेवलं आणि उकिडवे बसून राहिलो. नातवाने मोबाइलवर वेळ लावली होती. सात मिनिटांनी भुंगेऱ्याने आधी एक मिशी बाहेर काढली, मग पुढचे दोन पाय, आणि मातीत शिरला.

आपला,
एक सेवानिवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
ता. शहादा, जि. नंदुरबार