काडीपैलवानाच्या गावातून

मर्थर टिडफिल, वेल्स
रविवार दुपार

तीर्थरूप आण्णांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

पाकीट बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोन लावला की तुम्ही "बरा आहेस ना? मग आईशी बोल" म्हणून मोबाइल तिच्या हातात देता, ती स्पीकर लावते, आणि मागनं आत्या, काकू, दूधवाला सगळेच बोलायला लागतात. म्हणून पोस्टानं लिहितोय. चष्मा लावून तुम्हीच वाचा. बारक्याला वाचायला देऊ नका, त्याच्याबद्दलच आहे.

आधी आईचं. दिवाळीतला फोटो बघून ती मला काडीपैलवान म्हणाली आणि दोन दिवस नीट जेवली नाही, असं माईनं सांगितलं. वजन तीन किलो उतरलंय, कबूल. पण ते चढामुळं. हे गाव डोंगरात आहे, कामावर जाताना रोज पन्हाळा चढल्यासारखं होतं. जादा रात्रपाळ्यांमुळं नव्हे. जेवण दोन्ही वेळा होतं. ज्वारीचं पीठ कार्डिफहून आणलंय. भाकरी गोल येत नाही, एवढंच. पाऊस म्हणाल तर गगनबावड्याची आठवण करून देणारा, आणि त्याची सवय आपल्याला आहेच.

आणि आईला सांगा, या गावानं एका काडीपैलवानाचा, जॉनी ओवेन नावाच्या बॉक्सरचा, पुतळा उभारलाय. बाजारात शॉपिंग सेंटर आहे, तिथं. मी रोज त्याच्यासमोरनं जातो. बारक्यानं कुस्ती सोडून बॉक्सिंग धरलं तेव्हा तुम्ही विचारलं होतंत ना, तिकडं बॉक्सिंगला काय किंमत आहे ते बघून सांग म्हणून? त्याचं उत्तर तिथंच उभं आहे.

माझे घरमालक खालच्या मजल्यावर राहतात, सत्तरी उलटलेले. त्यांना त्या पुतळ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "नाऊ, इन अ मिनिट." हे जरा समजावून सांगावं लागेल. 'नाऊ' म्हणजे आत्ता. 'इन अ मिनिट' म्हणजे मिनिटाभरानं. दोन्ही एकत्र म्हटलं की आत्ताही नाही आणि मिनिटाभरानंही नाही. पहिल्या आठवड्यात वॉर्डात सिस्टर म्हणाल्या, डॉक्टर 'नाऊ, इन अ मिनिट' येतायत. मी फाइल हातात धरून दारात उभा. चहाची वेळ गेली तरी उभा. शेवटी एका पेशंट आजींनीच मला बसायला सांगितलं. यात आळस नाही, टाळाटाळही नाही. काम होतं, नक्की होतं. आपल्याकडं 'हा काय, आलोच' म्हणणारा अजून अंघोळीला गेलेला नसतो, तसंच थोडं. पण आपला माणूस थाप मारतोय हे दोघांनाही ठाऊक असतं. इथले लोक ते इतक्या प्रामाणिकपणे म्हणतात की माझी अजून फसगत होते. तर मालकांचं ते मिनिट तीन रविवारांनी भरलं. मग मात्र चार तास बोलले.

या खोऱ्यांत कोळशाच्या खाणी आणि लोखंडाचे कारखाने होते, आणि बॉक्सर हलक्या वजनाचे. शेजारच्या ऱ्होंडा खोऱ्यातला जिमी वाइल्ड खाणीत राबायचा, वजन पन्नास किलोच्या आत, आणि १९१६ साली फ्लायवेट या हलक्या वजनगटाचा जगज्जेता झाला. याच गावचा हॉवर्ड विन्स्टन. खेळण्यांच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं तुटली. कुस्तीत बोटं गेली की पकड गेली, माणूस तालमीतनं घरी. यानं डावा हात असा घडवला की १९६८ मध्ये फेदरवेटचा जगज्जेता झाला. त्याचाही पुतळा आहे इथं.

पण मला सांगायचंय ते जॉनी ओवेनचं. उंची पाच फूट आठ इंच आणि वजन साडेत्रेपन्न किलो. त्याच्या बँटमवेट गटाची मर्यादाच तेवढी. कान मोठे, हात लांब, बरगड्या मोजून घ्याव्यात. लोक त्याला मर्थरची आगकाडी म्हणायचे. कारखान्यात नोकरी करून पहाटे-संध्याकाळी डोंगरात पळायचा. चारचौघांत लाजरा, रिंगणात मात्र पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत पुढंच. मालकांनी त्याला पळताना बघितलंय. वारं आलं तर उडेल असं वाटायचं, म्हणाले. १९७६ साली व्यावसायिक झाला, पुढच्या वर्षी ब्रिटिश विजेता, त्याच्या पुढच्या वर्षी राष्ट्रकुल. पहिली हार स्पेनमध्ये पत्करली आणि १९८० च्या फेब्रुवारीत त्याच स्पॅनिश गड्याला इथं वेल्समधल्या एबू व्हेलमध्ये हरवून युरोपचा पट्टाही आणला. एकूण २८ लढती, २५ जिंकल्या, एक बरोबरीत.

राहिलेल्या दोन हारींपैकी एक स्पेनमधली. दुसरी शेवटची. १९ सप्टेंबर १९८०, लॉस एंजेलिस, समोर मेक्सिकोचा जगज्जेता लुपे पिंटोर. तेव्हा पंधरा फेऱ्या असत. सुरुवातीला जॉनी बरोबरीनं लढला. तोंडात आतून जखम झाली, रक्त गिळत राहिला. नवव्या फेरीत खाली बसला, उठला. बाराव्या फेरीत पडला तो उठलाच नाही. ४६ दिवस बेशुद्ध होता. ४ नोव्हेंबरला गेला. चोवीस वर्षांचा. कवटी नेहमीपेक्षा पातळ होती, हे नंतर कळलं.

आण्णा, त्याचे वडील, डिक, रिंगणाच्या त्याच्याच कोपऱ्यात, त्याला सांभाळणाऱ्यांत होते.

तुम्हाला धीर द्यायला हे लिहायला बसलो होतो, आणि कुठं येऊन पडलो बघा. हे पान फाडणार होतो. पण पुढचं सांगायचं तर हे ठेवावं लागतं. पिंटोर खेळ सोडायला निघाला होता. जॉनीच्या घरच्यांनीच त्याला कळवलं, सोडू नकोस. आणि २००२ साली पुतळा तयार झाला तेव्हा डिकनी मेक्सिकोला जाऊन त्याला बोलावलं. पडदा पिंटोरनं काढला. मालक त्या गर्दीत होते. "काय बोलायचं ते कुणाला सुचलं नाही," एवढंच म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

मालकांना मी विचारलं, मग या गावानं पोरांना बॉक्सिंगला पाठवणं बंद केलं का? ते हसले.

बारक्यानं माती सोडली म्हणून तुम्ही त्याच्याशी बोलत नाही, हे आईनं सांगितलं. बावन्न किलोच्या पोराला तालमीत जोड मिळत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्याच्या स्पर्धांत तीनच फेऱ्या असतात, तीन-तीन मिनिटांच्या, आणि त्याच्या वयाला डोक्याला हेडगार्ड लागतो. व्यावसायिकांच्यासुद्धा आता बाराच फेऱ्या. त्याला पाठवा असं मी म्हणत नाही. इतक्या लांबून असलं सांगायचा मला अधिकारही नाही. पण एकदा जाऊन बघा तो कसा खेळतो ते. मार लागला आणि तो सांगत नसेल, तर ते तुम्हालाच कळेल. कोचला नाही कळायचं.

आता बाकीचं भराभर. माईच्या लग्नाला येणं जमणार नाही. रजा मिळत नाही असं आईला सांगितलंय, तुम्हीही तेच सांगा. खरं तर मिळाली असती. पण तिकिटाच्या पैशांत मंडप आणि जेवणावळीचा बराच भाग निघतो. दीड लाख सोमवारी पाठवतो. त्यातनं सोसायटीचा हप्ता आधी भरा, सोनाराचं नंतर. माईला मी फोन करेन, तुम्ही काही बोलू नका. ती रडली की मला पुढचं बोलता येत नाही. कानपिळीला बारक्या आहेच. पाहुण्यांचा कान हलक्या हातानं पिळ म्हणावं, आता बॉक्सर आहेस.

इचलकरंजीच्या स्थळाला माझ्यासाठी ताटकळत ठेवू नका. मुलगी नापसंत आहे असं नाही. पुढच्या वर्षी बघू. आईला हे वाक्य वाचून दाखवताना 'पुढच्या वर्षी' जरा ठसक्यात वाचा.

आणि बारक्याला सांगा, मोजे घालून दोन्ही पाय कागदावर ठेव आणि पेन्सिलीनं माप काढून मला पाठव. पातळ तळव्याचे, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट इथं चांगले मिळतात. किंमत विचारू नका.

आपला,
थोरला