ग्रीन कार्ड ट्रम्प यांच्या खिशात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आपण अमेरिकेतल्या भारतीयांवर पानभर लेख छापलात. मांडणी झकास, फोटोही रंगीत. लेखकमहाशयांचं म्हणणं असं की, ट्रम्प यांनी मनावर घेतलं तर ग्रीन कार्डचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी रखडलेल्या रांगेचा, प्रश्न एका सहीत सुटेल, आणि सुटत नाही कारण त्यांना तो सोडवायचाच नाही. आज सकाळी बागेत तिघांनी मला हेच ऐकवलं. त्यातल्या एकाने ‘पुढच्या भेटीत मोदींनी विषय काढायला हवा’ असं अशा काही सुरात सांगितलं, की जणू तो निरोप मीच दिल्लीला पोचवणार आहे.

ट्रम्प यांची वकिली मला करायची नाही. मुलगा, सून, नातू न्यू जर्सीत आहेत, त्यामुळे ट्रम्प यांच्याविषयीचं माझं मत आपल्याला छापता येणार नाही. पण शिव्या घालायच्या तर निदान योग्य दारात उभं राहून घालाव्यात. नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि एका देशाच्या वाट्याला ढोबळमानाने ७ टक्के, हे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९९० च्या कायद्यात लिहून ठेवलं आहे. बायको-मुलंही त्याच आकड्यात धरतात. भारत असो की आइसलँड, मर्यादा तीच. हा आकडा ओबामांना खोडता आला नाही, बायडेन यांनाही नाही. कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली, ते तिथलं सरकार दर महिन्याला व्हिसा बुलेटिनमध्ये छापतं. त्यात ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या वर्गातल्या भारतीयांची तारीख २०२५ सालातही २०१२-१३ मध्येच घुटमळत होती. दर महिन्याला नवं बुलेटिन आलं की चिरंजीव फोनवर दोनच शब्द बोलतात, ‘सरकली नाही’ किंवा ‘जरा सरकली’.

आपल्या लेखकांना डिसेंबर २०२० आठवत नसावा. मला चांगला आठवतो. ही देशनिहाय मर्यादा काढून टाकणारं विधेयक कनिष्ठ सभागृहात जुलै २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं होतं. इतका एकोपा तिथे एरवी बघायला मिळत नाही. पुढे सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, मात्र घोडं अडलं. तिथे मतदानाशिवाय, सर्वसंमतीने काही मंजूर करायचं तर एका सभासदाची हरकत पुरते. कधी केंटकीचे रँड पॉल उठले, कधी इलिनॉयचे डर्बिन. पहिले रिपब्लिकन, दुसरे डेमोक्रॅट, तेव्हा पक्षाचाही प्रश्न नाही. अखेर २ डिसेंबर २०२० ला सिनेटने मंजुरी दिली, पण मजकूर बदलून. आणि दुसऱ्या दिवशी आपल्या दैनिकाने ‘मार्ग मोकळा’ म्हणून बातमी दिली! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला. शेजारच्या वहिनी पेढे घेऊन दारात. मी रजिस्ट्रार कचेरीत नोकरी केलेला माणूस. दोन भावांनी दोन वेगवेगळ्या मजकुरांवर सह्या केल्या तर त्याला वाटणीपत्र म्हणत नाहीत, हे मी वहिनींना दारातच सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. पेढे ठेवून गेल्या, नंतर आठवडाभर बोलल्या नाहीत.

दोन्ही सभागृहांना एकच मजकूर मान्य व्हायला हवा होता. तो झाला नाही, ३ जानेवारी २०२१ ला त्या काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयकही बारगळलं. ट्रम्प यांच्या टेबलापर्यंत कागद गेलाच नाही. नकाराधिकार वापरायचीही वेळ त्यांच्यावर आली नाही. मग कोणत्या सहीबद्दल आपले लेखक बोलत आहेत? विधेयक बारगळल्याची बातमी मात्र आपल्या अंकात मला शोधूनही सापडली नाही.

आता कुणी म्हणेल, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर १ लाख डॉलर शुल्क तर सहीनेच लागलं ना? लागलं, १९ सप्टेंबर २०२५ ला. त्या शनिवार-रविवारी आमच्या घरी कुणी झोपलं नाही. हे शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे, हा खुलासा नंतर आला. पण परदेशी माणसांचा प्रवेश रोखण्याचा जो अधिकार पुढे करून हे केलं, तो १९५२ च्या कायद्यात काँग्रेसनेच अध्यक्षाला देऊन ठेवलेला आहे. दार बंद करायला सही पुरते. कोटा वाढवायला पुरत नाही. एवढा फरक पानभर लेखात दोन ओळींत सांगता आला असता.

न्यायालयाचं तर आपल्या लेखात नावच नाही. आमच्या सूनबाई एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आहेत. तिला नोकरीची मुभा मिळते ती ओबामांच्या काळात, मे २०१५ पासून लागू झालेल्या नियमामुळे. तो नियम काँग्रेसने केलेला नाही, इमिग्रेशन बघणाऱ्या सरकारी खात्याने केलेला आहे, म्हणूनच त्याला कोर्टात आव्हान मिळालं. खटला दहा वर्षं चालला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायलाच नकार दिला. नियम वाचला. घरी आनंदीआनंद! त्याच महिन्याच्या अखेरीस खात्याने काय केलं, तर वर्क परमिटच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला की जुन्या कार्डावर ५४० दिवसांपर्यंत आपोआप मिळायची ती मुदतवाढ बंद केली. म्हणजे कोर्टाने हक्क ठेवला आणि खात्याने कार्डाची तारीख गाठली. सूनबाईंचं कार्ड संपलं, नवं वेळेत आलं नाही, आणि ती घरी बसली. चांगली पगाराची नोकरी असलेली मुलगी रोज टपालपेटी उघडून बघते. खातं अध्यक्षांच्या हाताखालचं, तेव्हा याबद्दल ट्रम्प सरकारला जरूर धरा. मी स्वतः टाळ्या वाजवीन. पण नेमका हाच मुद्दा लेखात नाही.

आणि एक. लेखासोबतच्या फोटोखाली आपण ‘व्हाइट हाउस’ असं छापलंत. तो मोठा पांढरा घुमट कॅपिटॉलचा आहे. तिथे काँग्रेस बसते. अध्यक्ष पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर, तिथून दीडेक मैलावर राहतात. ज्यांच्या हातात खरोखर किल्ली आहे त्यांची इमारत छापायची आणि खाली नाव भलत्याचंच घालायचं, याला योगायोग म्हणावं का?

जाता जाता, शब्दकोड्याचं उत्तर सोमवारच्या अंकात द्यायचं आपण बंद केलं आहे का? आजही नाही. आडवे १४ अजून अडलेलं आहे.

कळावे,
आपला जुना वर्गणीदार, कोथरूड, पुणे
(नाव छापू नये. सुनेचं कार्ड अजून यायचं आहे.)