बंगालचा उपसागर आणि आपली झड

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, नागपुरात बसून समुद्राच्या खारेपणाचे नकाशे कशाला बघायचे, असं तुम्ही विचारलंत. जुलै-ऑगस्टात आपल्याकडे झड लागते ती बहुतेकदा बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे. गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी हलकं, ते वरच राहतं. खालचं थंड पाणी त्यात सहज मिसळत नाही, म्हणून पृष्ठभाग 28 अंशांच्या वर टिकतो आणि ढगांना बाष्प मिळत राहतं. अरबी समुद्रात किलोभर पाण्यात साधारण 36 ग्रॅम क्षार. उपसागराच्या उत्तर टोकाला पावसाळ्यानंतर 30 च्याही खाली.

समुद्राचे छोटे चौकोन पाडतात. नकाशा म्हणजे प्रत्येक चौकोनातल्या, प्रत्येक खोलीवरच्या आणि महिन्याच्या खारेपणाची अनेक दशकांची सरासरी. नोंदी जहाजांच्या आणि आर्गो फ्लोटच्या, म्हणजे समुद्रात सोडलेल्या, आपोआप खाली-वर जाणाऱ्या मोजणी यंत्रांच्या. फ्लोट 1000 मीटरवर वाहत राहतो, दर 10 दिवसांनी 2000 मीटरपर्यंत उतरतो आणि वर येताना मोजतो.

खरी मेहनत नोंदी निवडण्यात आहे. एकच नोंद दोनदा येते, आधी घाईने पाठवलेली, मग तपासलेली. वेळेत किंवा ठिकाणात किंचित फरक असला की संगणकाला त्या दोन वाटतात. जड पाणी हलक्यावर दाखवणाऱ्या नोंदीही बाजूला काढाव्या लागतात. पण सगळ्या समुद्राला खारेपणाची एकच मर्यादा लावली, तर गंगेच्या मुखाजवळचं खरंखुरं गोडसर पाणीच चूक ठरून गळतं. मला हा धोका सगळ्यात मोठा वाटतो, कारण आपल्याला हवं तेच जातं.

आर्गोच्या नोंदी 2000 नंतरच्या आणि भरमसाट. सगळ्या एकत्र केल्या तर सरासरी अलीकडच्या उबदार वर्षांकडे झुकते. म्हणून आधी प्रत्येक दशकाची वेगळी सरासरी, मग त्या सरासऱ्यांची सरासरी.

रिकामे चौकोन भोवतालच्या एका वर्तुळातल्या नोंदींवरून भरतात, जवळच्या नोंदीला जास्त वजन देऊन. हे वर्तुळ जमीन ओलांडून जाता कामा नये. नाहीतर केरळच्या किनाऱ्याचं खारं पाणी तामिळनाडूपलीकडच्या उपसागरात मिसळलेलं दिसतं, आणि नकाशा दिसायला मात्र गुळगुळीत, सुंदर!

आई, बाबांना वाचता येतील असे मोठ्या कागदावर नकाशे छापून पाठवते. सोबत प्रत्येक महिन्याच्या नोंदींच्या संख्येचा नकाशाही असेल. बाबा, आधी तो बघा. जिथे आकडा शून्य, तिथला रंग शेजाऱ्यांवरून काढलेला अंदाज आहे.

तुमची लेक