पांढऱ्या कव्हरवरचा आकडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या तबकड्यांच्या बाजारावर आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखात बीटल्स या ब्रिटिश बँडच्या, पांढऱ्या कव्हरामुळे ‘व्हाइट अल्बम’ म्हटल्या जाणाऱ्या अल्बमचा उल्लेख होता. कव्हरवरचा क्रमांक जितका लहान तितकी प्रत जुनी, आणि तबकडीच पांढरी असेल तर दुधात साखर, असा त्याचा सूर होता. या दोन्ही समजुतींपायी गिऱ्हाइकाचे पैसे बुडतात, म्हणून हे पत्र.

पांढऱ्या तबकडीचं आधी संपवू. हा दुहेरी अल्बम ब्रिटनमध्ये २२ नोव्हेंबर १९६८ला आणि अमेरिकेत २५ला आला, तेव्हा दोन्हीकडे तबकड्या काळ्याच होत्या. पांढऱ्या व्हिनाइलवर तो निघाला १९७८मध्ये. १९६८ला पांढरं होतं ते कव्हर. चित्रकार रिचर्ड हॅमिल्टन यांनी ते कोरं ठेवलं, नाव न छापता किंचित तिरपं उठावात दाबलं आणि मर्यादित आवृत्तीच्या मुद्राचित्रावर घालतात तसा प्रत्येक प्रतीवर क्रमांक घातला. लाखांनी खपणाऱ्या मालाची ती थट्टा होती. बाजाराने ती मनावर घेतली. पुढच्या छपाईत उठाव गेला आणि नाव करड्या शाईत आलं, तेव्हा कव्हरवरून बोट फिरवलं तरी बरंच कळतं.

क्रमांकाची मालिका प्रत्येक देशात वेगळी होती. त्यामुळे एकच आकडा ब्रिटिश आणि अमेरिकन अशा दोन्ही प्रतींवर सापडू शकतो. बीटल्सचे ड्रमवादक रिंगो स्टार यांच्याकडची ००००००१ क्रमांकाची प्रत डिसेंबर २०१५मध्ये लिलावात ७ लाख ९० हजार डॉलरला गेली खरी, पण ती पहिली होती आणि रिंगोंची होती. तो भाव पाचआकडी-सहाआकडी प्रतींना लावू नये. १९९८च्या तिसाव्या वर्षाच्या छोट्या कव्हरातल्या सीडीवरही क्रमांक आहेत. आणि मुख्य म्हणजे क्रमांक कव्हरवर आहे, तबकडीवर नाही. पन्नासहून अधिक वर्षांत आतला माल बदलायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून तबकडी बाहेर काढून वाचावी. लेबल सरळ धरा आणि शेवटचं गाणं व लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीवर तिरपा उजेड पाडा. ब्रिटिश प्रतीत घड्याळातल्या सहाच्या जागी मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या बाजूची कारखान्यातली ओळख, दिसेल. मोनो (एकाच वाहिनीचा आवाज) असेल तर एक्सईएक्स आणि स्टिरिओ (डावा-उजवा वेगळा) असेल तर वायईएक्स. पुढे चार बाजूंना अनुक्रमे ७०९, ७१०, ७११, ७१२ आणि शेवटी कटाचा, म्हणजे फितीवरून कोरलेल्या मूळ तबकडीचा, आकडा, सुरुवातीच्या प्रतींवर ‘-१’. चारही बाजू तपासा. पहिली तबकडी मोनो आणि दुसरी स्टिरिओ, अशी जुळवाजुळव केलेले संच विकायला येतात.

‘-१’ दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. एकाच कटापासून ईएमआय ही ध्वनिमुद्रिका कंपनी वर्षानुवर्षं तबकड्या दाबत असे. आता नऊच्या आणि तीनच्या जागी पाहा. नऊच्या जागी असतो ‘मदर’चा, म्हणजे जिच्यावरून साचे बनतात त्या धातूच्या तबकडीचा, आकडा, तीनच्या जागी एक-दोन अक्षरं. ती ‘स्टॅम्पर’ची, म्हणजे प्रत्यक्ष तबकडी दाबणाऱ्या धातूच्या साच्याची खूण. जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी ही दहा अक्षरं म्हणजे ओळीने १ ते ९ आणि शेवटचं डी म्हणजे शून्य. ‘पी’ असेल तर सहावा स्टॅम्पर, ‘जीए’ असेल तर तेरावा. साचा काहीशे तबकड्यांनंतर झिजतो आणि नवा लागतो, म्हणून आकडा लहान तितकी तबकडी आधीची. चार बाजूंचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, हा मात्र दोष नव्हे. प्रत्येक बाजूचे साचे स्वतंत्रपणे झिजतात आणि बदलले जातात.

लेबलवर बीटल्सच्या स्वतःच्या ॲपल या रेकॉर्ड कंपनीचं चिन्ह असलं तरी क्रमांक (मोनो पीएमसी ७०६७-७०६८, स्टिरिओ पीसीएस ७०६७-७०६८) पार्लोफोन या ईएमआयच्या जुन्या लेबलच्या मालिकेतले आहेत. ॲपलची पहिली एलपी हीच, असंही लोक सांगतात. तो मान १ नोव्हेंबर १९६८च्या, बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसन यांच्या ‘वंडरवॉल म्युझिक’चा. तिचा मोठा भाग त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला आणि तिच्यात शिवकुमार शर्मांचा संतूर आहे. खरं तर आपल्याकडच्या संग्राहकांनी तिच्या मागे लागायला हवं.

मोनो आणि स्टिरिओ हे या अल्बमच्या बाबतीत जवळजवळ दोन वेगळे अल्बम आहेत. मोनोसाठी मिश्रण, म्हणजे वेगवेगळ्या ध्वनींची अंतिम जुळवणी, निराळं केलं होतं. विकणारा ‘मोनो’ म्हणत असेल तर तिसऱ्या बाजूचं सहावं गाणं, ‘हेल्टर स्केल्टर’, लावायला सांगा. स्टिरिओत ते विरत जातं, परत येतं आणि शेवटी बोटांना फोड आल्याची रिंगोंची आरोळी ऐकू येते. एकूण साडेचार मिनिटं. मोनोत ते पाऊण-एक मिनिट आधीच संपतं आणि आरोळी नाही. ‘डोन्ट पास मी बाय’ मोनोत जलद आहे, ‘यर ब्लूज’ अधिक रेंगाळत विरतं, ‘हनी पाय’मधला गिटारचा तुकडा लांब आहे. अपवाद ‘रिव्होल्यूशन ९’चा: ते स्टिरिओवरूनच मोनोत उतरवलं आहे. अमेरिकेत अल्बम फक्त स्टिरिओत निघाला, तेव्हा ‘अमेरिकन पहिली मोनो प्रत’ कुणी देऊ केली तर हात जोडून पुढे जावं.

ज्यांना संग्रह नको, ऐकायचं आहे, त्यांनी जुन्या प्रतीच्या नादी लागू नये. १९८७ची सीडी फक्त स्टिरिओत होती. मोनो अधिकृतपणे सीडीवर आला थेट सप्टेंबर २००९मध्ये. २०१२ची स्टिरिओ एलपी डिजिटल प्रतीवरून कापलेली आहे. २०१४ची मोनो एलपी मात्र मूळ फितींवरून, मध्ये कुठेही डिजिटल टप्पा न आणता कापली, आणि आमच्या मते घ्यावी तर तीच. ९ नोव्हेंबर २०१८च्या संचाला लोक जीर्णोद्धार समजतात, पण निर्माते गाइल्स मार्टिन यांनी केलेलं ते नवं मिश्रण आहे. तो घ्यावा इंग्लंडमधल्या एशर इथल्या २७ कच्च्या ध्वनिमुद्रणांसाठी. १९६८च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हृषीकेशला रचलेली बरीच गाणी, परतल्यावर हॅरिसन यांच्या घरी साध्या गिटारवर गायलेली, त्यात ऐकायला मिळतात.

जुनी ब्रिटिश प्रत घेतलीच, तर दोन गोष्टी. पहिल्या कव्हरांची तोंडं वरच्या बाजूला आहेत, त्यामुळे कपाटात उभी ठेवली की धूळ आणि पावसाळी दमट हवा सरळ आत जाते. वरून प्लास्टिकची पिशवी घालावी आणि काळ्या आतल्या पिशव्या जपून बाजूला ठेवून तबकड्या नव्या पिशव्यांत ठेवाव्यात. मोनो तबकडी लावताना ॲम्प्लिफायरचं मोनोचं बटण दाबावं. मोनोच्या खोबणीत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं. स्टिरिओ पिन उभ्या हालचालीतली खरखरही उचलते, ती त्या बटणाने गळून जाते.

आपले,
दोन ध्वनिमुद्रिका-संग्राहक, पुणे