पत्राआधी बोलणं

सातारा,
२३ जानेवारी २०२२

चि. स्मिता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू कोविडची लस न घेणाऱ्या तुमच्या स्टाफमधल्या त्या घानाच्या बाईवर इतकी वैतागली होतीस की मी मध्ये बोललेच नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सल्ला द्यायचा नसतो. म्हणून आता लिहिते, सवडीने वाच.

३ फेब्रुवारीपर्यंत पहिला डोस घेतला नाही, तर १ एप्रिलपासून पेशंटजवळ काम नाही, हा तुमच्या इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांचा नियम मला मान्य आहे. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तू म्हणशील, आई ढिली पडली. तुझ्या वॉर्डात डायलिसिसवरची माणसं, किडनी बदललेली माणसं. किडनी निकामी असल्यामुळे किंवा प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या चालू असल्यामुळे अशांनी स्वतः लस घेतली तरी ती अंगात नीट धरत नाही. त्यांच्या तोंडाशी वाकून काम करणाऱ्या बाईने 'माझं शरीर, माझी मर्जी' म्हणावं हे मला पटत नाही. हिपॅटायटिस बीचे कागद तिथे रुजू होताना तुझ्याकडूनही मागितलेच होते की! तेव्हा कुणी मोर्चा काढला नाही.

तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधला तो डॉक्टर आरोग्यमंत्री साजिद जाविद यांना तोंडावर सांगतो की मला कोविड होऊन गेलाय, मी लस घेतलेली नाही, सक्ती कशाला. त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. ओमायक्रॉन आल्यापासून लस संसर्ग पहिल्यासारखा अडवत नाही, हे इथेही दिसतंय. पण कमी अडवते म्हणजे अजिबात अडवत नाही असं नव्हे. शिवाय निम्मा स्टाफ आजारी पडून घरी बसला तर पेशंटचं कोण बघणार?

आता तुमच्या त्या घानाच्या बाईचं. 'दोनदा मेल गेला, तिसऱ्यांदा पत्र गेलं, तरी ऐकत नाही,' असं तू म्हणालीस. तिच्याशी बोललं कोण? तू त्यावर काही बोलली नाहीस, म्हणून विचारते.

गेल्या वर्षी १६ जानेवारीला आपल्याकडे लसीकरण सुरू झालं, तेव्हा पहिला मान आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. सक्ती नव्हती, ऐच्छिकच होतं. तरी कोविनच्या यादीत नाव लागलं की लोक रजा टाकायचे. आमच्या केंद्रावरचा अँब्युलन्सचा ड्रायव्हर, सफाईवाली मावशी, दोन आशाताई. कोविशिल्डच्या एका बाटलीत दहा जणांचे डोस, आणि उघडली की चार तासांत संपवायची. सहाच जण आले तर उरलेले वाया. डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांना नोटीस काढली, ती फळ्यावर लागली, तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग मी एकेकाला स्वयंपाकघरामागच्या पायरीवर बसवून विचारलं, 'तू काय ऐकलंयस?' 'का घेत नाहीस?' असं विचारलं की माणूस उत्तर तयार करतो. काय ऐकलंयस म्हटलं की खरं बोलतो. ड्रायव्हरला सुईचीच भीती होती, बाकी काही नाही! मावशीला वाटत होतं, साहेब लोकांची लस वेगळी आणि आपली वेगळी. तिच्यासमोर त्याच बाटलीतून मी टोचून घेतलं.

आशाताईंचं अवघड होतं. एकीचं नवीन लग्न झालेलं. आधी सरकारनेच सांगितलं होतं की गरोदर बाईला लस नको. जुलै २०२१ मध्ये सांगितलं की द्या. त्या बिचारीच्या डोक्यात पहिलं 'नको'च बसलेलं. तुमच्याकडेही डिसेंबर २०२० मध्ये गरोदर बायांना नको म्हणाले आणि एप्रिलमध्ये घ्या म्हणाले. तुमची ती बाई तिशीतली आहे म्हणालीस. तिच्या मनात हेच असेल तर मेल वाचून ते जाणार नाही. हे विषय बाई बाईशीच बोलते, तेही दार लावून.

दांडगाईने साथ आवरत नाही हे आपल्या मुलखाला कुणी वेगळं शिकवायला नको. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या नावाखाली रँड या इंग्रज अधिकाऱ्याने सोल्जर घराघरांत घुसवले, पुढे चाफेकरांनी त्याला गोळी घातली. त्याच वर्षी मुंबईत हाफकिन या शास्त्रज्ञाने आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. मला हाफकिनची रीत आवडते.

तुमच्या सरकारचाच अंदाज आहे ना, की नियमापायी सत्तर हजारांवर माणसं नोकरीतून जातील? स्कॉटलंड-वेल्समध्ये तर असा नियमच नाही. मग उद्या तो मागे घेतला तरी मला नवल वाटणार नाही. पण नियम राहो की जावो, तुझे पेशंट तेच आणि ती बाईही तिथेच. म्हणून तारखेची वाट बघू नकोस. तिला एकटीला चहाला ने. सोबत एचआरचं कुणी नको, हातात फॉर्म नको. तू स्वतः कधी घेतलीस, दुसऱ्या दिवशी ताप आला, पाळी चार दिवस पुढे गेली, ते सगळं सांग. लपवलंस तर तिला कळेल. आणि शेवटी नाहीच म्हणाली, तर पेशंटपासून लांबचं काम स्टोअरमध्ये किंवा फोनवर मिळतंय का ते तिच्यासाठी तूच विचार. तेही नसेल तर नोकरी संपल्याचं पत्र तिच्या हातात तू दे, मेलने पाठवू नकोस.

बाबांना प्रिकॉशन डोसचा, म्हणजे तिसऱ्या डोसचा मेसेज अजून आलेला नाही, रोज मोबाइल उघडून बघतात. तू जेवत जा वेळेवर. रविवारी फोन कर, ती काय म्हणाली ते सांग.

तुझी,
आई